घर हाय का म्हटलं, तर व्हय म्हणायचं

माझ्या दुकानातल्या फ्रिजचा खालचा कप्पा माझा नाही. दुकान माझं, फ्रिज माझा, लाइटचं बिल माझ्या नावावर येतं, पण तो कप्पा श्रीदेवीअक्काचा आहे. त्यात इन्सुलिनच्या बाटल्या असतात आणि प्रत्येक बाटलीला रबरबँडने एक चिठ्ठी बांधलेली असते. 'स्टँडवरचे आजोबा.' 'बांगड्यांची मावशी.' ज्यांच्या त्या बाटल्या, त्यांना घर नाही, म्हणून फ्रिजही नाही. आणि सोलापूरच्या उन्हात हे औषध बाहेर राहिलं की त्यात आणि नळाच्या पाण्यात काही फरक उरत नाही.

मी अण्णाराव. एका धर्मादाय दवाखान्यासमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रोज शटर वर केलं की पहिलं तोंड त्यांचंच बघायचं असतं. मी तापट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि ते खरं आहे. अक्का पहिल्यांदा बाटली घेऊन आली तेव्हा मी तिच्यावरही खेकसलो होतो. "ही काय धर्मशाळा आहे का?" असं विचारलं. ती म्हणाली, "धर्मशाळा असती तर तुमच्याकडं कशाला आले असते, अण्णा? उघडा की फ्रिज." मी उघडला. का उघडला ते मला अजून कळलेलं नाही.

अक्का मूळची अक्कलकोटकडची. घरात कन्नड, दारात मराठी. तिची आई आयुष्यभर चादरींच्या दशा वळत बसली. अक्काचं लग्न सोलापुरात झालं, नवरा टेम्पो चालवायचा, तो अपघातात गेला. सासरच्यांनी सांगितलं, जागा कमी पडते. माहेरी भावाने व्हरांड्यात पथारी घालून दिली आणि भावजयीने दुसऱ्या दिवसापासून व्हरांडा धुवायला सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ. हे सगळं अक्का हसत सांगते. मला ते ऐकून हसू येत नाही, त्या भावजयीला दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

पुढे ती महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात कामाला लागली. निवारा एक संस्था चालवते. आधी भाकऱ्या थापायला होती, मग माणसं आणायला जाऊ लागली आणि तिला 'समन्वयक' हे नाव मिळालं. मी एकदा चेष्टेत विचारलं, "समन्वयक म्हणजे नक्की काय गं?"

"दोन दारांच्या मधी उभं राहायचं," ती म्हणाली. "दोनी दारं एकदम लागू द्यायची न्हाईत. एवढंच काम."

ती दोन दारं कोणती ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिलं दार निवाऱ्याचं. तिथला नियम असा की ज्याची जखम उघडी आहे, त्याला आत घ्यायचं नाही. बाकीची माणसं शेजारी झोपतात, जखम बघायला नर्स नाही, तेव्हा नियम काही उगाच नाही. आधी दवाखान्यातून बरा होऊन ये, मग ये. दुसरं दार दवाखान्याचं. तिथे केसपेपर काढताना विचारतात, घर कुठं, नातेवाईक कोण. घर नाही, कोणी नाही असं म्हटलं की पुढचा प्रश्न उभा राहतो, बरा झाल्यावर याला पाठवायचं कुठं? कॉट अडकून बसते. मग 'मोठ्या दवाखान्यात न्या', 'उद्या या', 'साहेब नाहीत'. म्हणजे निवारा म्हणतो आधी दवाखाना, दवाखाना म्हणतो आधी घर दाखवा. माणूस मध्ये फुटपाथवर. दोघांनाही विचारलं तर दोघांचंही बरोबर. मला अशा बरोबर असणाऱ्या लोकांचा फार राग येतो.

प्रभु या दोन दारांच्या मध्येच सापडला होता.

प्रभु मोडनिंबकडचा. मिसरूड फुटायच्या आधी सोलापुरात आला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत चनबसप्पा शेठच्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा राहिला. लग्न झालं नाही. खोली कधी घेतली नाही. दिवसा माग चालवायचा आणि पाळी संपली की तिथेच, मागांच्या ओळीमागे भिंतीला टेकून झोपायचा. असे पुष्कळ कामगार होते. जन्म त्या खडखडाटात गेला आणि कान तिथेच गेले. मागवाल्यांना त्याचं फारसं वाटत नाही. कारखान्यात तसंही कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घ्यायचं असतं. प्रभु ओठ वाचण्यात पटाईत होता, पण ओळखीचे ओठ असले तर. अनोळखी माणूस बोलू लागला की तो थोडं हसायचा आणि मान हलवून म्हणायचा, "व्हय."

मग शेठच्या मुलाने, शिवकुमारने, नवीन मशीन आणली. माणसं कमी झाली. विम्यावाल्यांनी सांगितलं की आत कोणी झोपता कामा नये. प्रभु आतून बाहेर आला, इतकंच. भिंत तीच, फक्त बाजू बदलली. कारखान्याच्या मागच्या बोळात, त्याच भिंतीला पाठ लावून तो झोपू लागला. त्यात साखरेचा आजार. पायात खिळा घुसला तो त्याला कळलाही नाही.

अक्काने त्याला तिथून उचलून निवाऱ्यात आणलं तेव्हा जखम अजून दिसण्यासारखी नव्हती. कॉट मिळाली, ताट मिळालं, आणि तो पळाला. पुन्हा आणला, पुन्हा पळाला. निवाऱ्यातले म्हणाले, दारूसाठी जातो. मीही तेच म्हणालो. "अक्का, याच्यामागे वेळ घालवू नकोस, याला बाटली हवी आहे," असं मी स्वतःच्या तोंडाने बोललो, आणि खालच्या कप्प्यातली त्याची बाटली दाखवून एक फालतू विनोदही केला. ती हसली नाही.

तिसऱ्यांदा तो पळाला तेव्हा ती एमआयडीसीत गेली. बोळात हा भिंतीला पाठ लावून गाढ झोपलेला. तोंडाला दारूचा वास नाही, काही नाही. तिने हाक मारली नाही. त्याच्या शेजारी बसली आणि आपलीही पाठ भिंतीला टेकवली.

"अण्णा, भिंत हालती," दुसऱ्या दिवशी ती मला सांगत होती. "आतनं माग चालतात न्हवं? ते पाठीत येतंय. बारीक, एकसारखं. मला सुदिक डोळा लागला बगा. त्याला कानानं काय बी ऐकू येत न्हाई. पाठीनं ऐकतो त्यो. निवाऱ्यात सगळं गप, त्याला झोप कशी येणार? त्याला वाटतंय माग बंद पडलं."

इतकी वर्षं एमआयडीसीला टॉवेल आणायला जातो, पण मी कधी भिंतीला पाठ लावून बघितलं नव्हतं. लाजलो नाही मी, तसा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी चहा मी सांगितला.

तेवढ्यात पाय चिघळला. दोन बोटं काळी पडली. आता निवारा घेणार नव्हता आणि दवाखाना घर मागणार होता. अक्काने मग तेच केलं जे ती तिच्या सगळ्या माणसांच्या बाबतीत करते. त्याला पढवलं. माझ्याच दुकानात, काउंटरसमोर स्टुलावर बसवून.

"हे बग, प्रभु. माझ्या तोंडाकडं बग. घर हाय का म्हणून इचारलं, की काय म्हणायचं?"

"व्हय."

"घरात कोन हाय म्हणलं, की?"

"भैन."

"नाव काय भैनीचं?"

"शिरदेवी," असं म्हणून तो लाजला. म्हातारा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा लाजला. मग अक्काने मला डॉक्टर केलं. मी चष्मा नाकावर ओढून, मोठ्या आवाजात, "घर आहे का?" म्हणून गरजलो. प्रभु दचकला आणि "व्हय व्हय व्हय" म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तेही हसलं. तसं हसणं माझ्या दुकानात फार वेळा होत नाही.

"खोटं का शिकवतेस?" मी अक्काला विचारलं.

"खोटं कसं? मी भैन हायच की. ऱ्हायलं घर. ते बगते मी."

केसपेपरवर नातेवाईक म्हणून तिचं नाव लागलं, तिचा फोन नंबर लागला आणि प्रभुला कॉट मिळाली. बोटं काढली. पाय वाचला. सिस्टर चांगल्या होत्या, ड्रेसिंग रोज व्हायचं, हेही सांगितलं पाहिजे. अक्का रोज संध्याकाळी यायची, त्याच्याजवळ बसायची, दोघं ओठांनी बोलायचे. आवाज नसायचा. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला वाटलं ही दोघंही मुकी आहेत.

आणि ती घर बघायला लागली. कोणतंही घर नाही. तिला एका विशिष्ट भिंतीचं घर हवं होतं.

चनबसप्पा शेठच्या कारखान्याला लागून, मागच्या बोळाच्या टोकाला, रखवालदाराची एक खोली होती. कॅमेरे बसल्यापासून रखवालदार नव्हता. खोलीची मागची भिंत आणि मागांची भिंत एकच. अक्का शेठकडे गेली, मला सोबत घेऊन. माझी आणि शेठची मठातली ओळख, म्हणून मी. शेठ पायरीवर ऊन खात बसले होते.

"प्रभु? आपला प्रभु?" शेठ म्हणाले. "त्यो जित्ता हाय व्हय?"

"हाय की. तुमच्याच भिंतीला झोपत होता मागं. तुमी कदी बगितला न्हाई," अक्का म्हणाली.

शिवकुमार आतून म्हणाला की विम्याचं बघावं लागेल. त्यावर अक्का कन्नडमध्ये सुरू झाली. ती कन्नडमध्ये गेली की समजावं, आता हिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. ती जे बोलली त्याचा मथितार्थ असा होता की खोली कारखान्याच्या बाहेर आहे, माणूस आयुष्यभर आत होता तेव्हा विमा कुठे होता, आणि तिचं हे शेवटचं बोलणं आहे. शेठनी बसल्या जागेवरून पोराला हात केला. शिवकुमारने आतून किल्ली आणून दिली. खोलीत सूत गुंडाळायची रिकामी कोनं भरलेली होती, ती जत्रा संपेपर्यंत हलवतो म्हणाला.

त्या दिवसांत अक्काचा चेहरा बघण्यासारखा होता. तिने कोनं एका बाजूला रचून खोलीला चुना मारून घेतला. निवाऱ्यातून जुनी कॉट आणली आणि बोळाकडच्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीला अगदी चिकटवून लावली. स्वतः त्यावर आडवी होऊन बघितलं. "येतंय अण्णा, चांगलं येतंय," असं मला फोनवर सांगितलं, जणू नळाला पाणी आलं होतं. सकाळ-संध्याकाळ सुई टोचायला ती जाणार होती, बाटली माझ्या फ्रिजमधून नेणार होती. प्रभुच्या बाटलीची चिठ्ठी तिने बदलली. आधी 'प्रभु, बोळ' असं होतं. आता 'प्रभु, खोली' असं लिहिलं.

जत्रा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिने दवाखान्यात त्याला बाजरीची भाकरी आणि शेंगाची चटणी नेली. सगळं सांगितलं. खोली झाली, भिंत तीच हाय, जत्रा झाली की न्यायला येते, तवर हितंच ऱ्हा. तो तिच्या ओठांकडे बघत होता. व्हय म्हणाला. सिस्टरलाही ती सांगून आली. मोठ्या डॉक्टरांनाही सांगितलं. एक समन्वयक आणखी काय करू शकते ते मला कोणीतरी सांगावं.

सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा म्हणजे सगळं गाव रस्त्यावर. अक्षतांच्या दिवशी, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाच्या दिवशी, नंदीध्वजांच्या उंच सजवलेल्या काठ्या निघतात, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हलग्या, गर्दी, शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही. अक्काच्या सासरकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नंदीध्वज उचलतात. सासरने तिला घराबाहेर काढलं तरी त्या दिवशी ती वाटेवर पाणी घेऊन उभी राहते. तिचा फोन पिशवीत होता. तो वाजला. तिला ऐकू आला नाही.

सणामुळे दवाखान्यात माणसं कमी होती आणि ज्यांना सोडता येईल त्यांना सोडत होते. सिस्टर रजेवर. मोठे डॉक्टर गावाला. नवीन डॉक्टर राउंडला आला, तोंडावर मास्क. नंतर आम्ही त्याला विचारलं तेव्हा बिचाऱ्याला सगळं नीट आठवत होतं. जखम भरत आली होती. त्याने विचारलं, बाबा, घर आहे का? पेशंट म्हणाला, व्हय. घरी बघणारं कोणी आहे? भैन. घरी जाल का आज? व्हय. त्याने केसपेपरवरच्या नंबरला फोनही लावला, उचलला नाही, जत्रा आहे म्हणून सोडून दिला. केसपेपरवर घर लिहिलेलं, बहीण लिहिलेली, पेशंट स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे. मी त्या डॉक्टरला बोलायला गेलो होतो. तोंडात शब्द तयार होते. त्याच्यासमोर गेलो तर तो रडत होता, मग मी त्याला पाणी आणून दिलं.

मास्कमागचे ओठ प्रभुला दिसले नव्हते. त्याने नुसते डोळे बघितले आणि पढवलेली उत्तरं पढवल्या क्रमाने दिली. अगदी बरोबर दिली. एक चुकलं नाही.

संध्याकाळी अक्काने फोन बघितला. उलटा लावला तर दवाखान्यातला फोन नुसता वाजत राहिला. तिला वाटलं, औषध आणायला सांगत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली, तेव्हा प्रभुच्या कॉटवर एक वेगळाच माणूस झोपला होता.

"घरी गेला की तुमचा भाऊ," झाडणारी मावशी म्हणाली. "कालच."

अक्का धावत माझ्या दुकानात आली. "प्रभु हितं आला का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फ्रिज उघडून खालचा कप्पा बघितला. बाटली जागेवर होती. मी शटर ओढलं, गिऱ्हाइकाला अर्ध्यात सोडून. आयुष्यात पहिल्यांदा.

आधी निवाऱ्यात गेलो. नव्हता. मग स्कूटर एमआयडीसीकडे वळवली. वाटेत अक्का मागून एकच गोष्ट सारखी बोलत होती, "खोलीची किल्ली माझ्याकडं हाय, अण्णा. किल्ली माझ्याकडं हाय."

जत्रेत एमआयडीसी बंद असते. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. एकही माग चालू नव्हता. रस्त्यावर सायकल नाही, चहाच्या टपऱ्यांवर फडकी टाकलेली. थंडी होती, आणि इतकी शांतता की स्कूटर बंद केल्यावर मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना.

बोळाच्या तोंडाशी त्याचं बोचकं होतं. जिथे तो पूर्वी झोपायचा, नेमकं तिथे. पण तो तिथे नव्हता. थोडं पुढे, त्याच भिंतीला लागून, दवाखान्याची औषधांची पिशवी पडली होती. आणखी पुढे त्याची चादर. धुळीत पाय ओढल्याची खूण होती, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, भिंतीला धरून. अक्काला ते माझ्याआधी कळलं.

तो भिंतीचा हलणारा भाग शोधत होता. इथे नाही, मग पुढे असेल. पुढे नाही, मग अजून पुढे. सगळ्या भिंतीला पाठ लावून बघत बघत, त्या ड्रेसिंग केलेल्या पायाने, तो बोळाच्या पार टोकापर्यंत गेला होता. कोणी त्याला सांगायला नव्हतं की जत्रा अजून संपलेली नाही, माग बंद आहेत, ते परवा चालू होतील. टोकाला भिंतीला पाठ लावूनच तो बसलेला सापडला. अंग गार होतं. ती भिंत अक्काने चुना मारलेल्या खोलीची होती. पलीकडे, एका विटेच्या अंतरावर, त्याची कॉट होती.

मी माणसं मेलेली बघितली आहेत. दवाखान्यासमोर दुकान म्हटल्यावर ते आलंच. पण त्या बोळात मी भिंतीवर हात मारत राहिलो, मूर्खासारखा, जणू आतून कोणी माग चालू करेल. अक्का रडली नाही. त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि आवाज न करता काहीतरी बोलली. मला ओठ वाचता येत नाहीत.

पोलिसांनी विचारलं, नातेवाईक कोण. अक्का म्हणाली, "भैन." पोलिसाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, नाव विचारलं, आडनाव विचारलं. तिने पुन्हा "भैन" एवढंच सांगितलं. बेवारस म्हणून नेऊ दिलं नाही. चनबसप्पा शेठ स्मशानात आले होते, काठी टेकत. कारखान्यातला एक कोरा टॉवेल त्यांनी त्याच्या अंगावर टाकला आणि निघून गेले. शिवकुमारला त्या दिवशी माग सुरू करायचे होते, ते त्याने केले नाहीत. केले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

नंतर अक्का बरेच दिवस दुकानात आली नाही. निवाऱ्यातला दुसरा कोणीतरी बाटल्या न्यायला यायचा. आली तेव्हा वाळली होती. स्टुलावर बसली, त्याच स्टुलावर, आणि म्हणाली, "मीच मारला त्याला, अण्णा. मीच शिकवलं न्हवं, व्हय म्हण म्हणून."

मी तिच्यावर ओरडलो. डोकं फिरलं का, तू नसतीस तर तो पाय सडून तेव्हाच गेला असता, असं काय काय बोललो. मोठ्याने बोललं की खरं वाटतं अशी माझी जुनी समजूत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते बी खरं हाय. आनि हे बी खरं हाय."

मग तिने पढवणं बंद केलं. आता ती माणसांना सांगू लागली, जे हाय ते सांगा. घर न्हाय म्हणा. पहिलाच माणूस, दम्याचा, स्टेशनकडचा, त्याने तसं सांगितलं. न्हाय म्हणाला. त्याला पायरीवरूनच दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे, आणि तिसरीकडे तो पोचलाच नाही. कुठे गेला ते अक्काला अजून माहीत नाही. ती अजूनही शोधते आहे.

प्रभुची बाटली माझ्या फ्रिजमध्येच आहे. तिची मुदत संपली. मुदत संपलेलं औषध दुकानात ठेवणं बेकायदेशीर आहे, आणि मी या बाबतीत फार कडक आहे. तपासणीला साहेब येतो तेव्हा मी ती खिशात घालतो, तो गेला की परत ठेवतो. 'प्रभु, खोली.' अक्का कप्पा उघडते तेव्हा ती बाजूला सारते, बाकीच्या काढते, आणि परत होती तिथे ठेवते.

परवा ती रत्नम्माला घेऊन आली. रत्नम्मा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसते, वातींची पुडकी विकते. पाय सुजून भोपळा झालेले, दोन पावलं टाकली की धाप. आज आत घेतलं नाही तर ही टिकत नाही, हे मला काउंटरमागूनही दिसत होतं. अक्काने तिला स्टुलावर बसवलं, पदर नीट केला, पाणी पाजलं.

रत्नम्माला निवाऱ्यातल्या कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने अक्काचा हात धरला. "अक्का, आत घर हाय का म्हणून इचारत्यात म्हणं. मी काय सांगू गं? व्हय म्हनू का न्हाय म्हनू?"

अक्काने तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. मी, जो कोणत्याही गोष्टीवर कोणालाही फाडकन उत्तर देतो, औषधांच्या खोक्यांकडे बघत राहिलो.

समोर दवाखान्यातून तिचं नाव पुकारलं. रत्नम्मा उठली, अक्काचा खांदा धरून रस्ता ओलांडला आणि पायऱ्या चढू लागली. प्रत्येक पायरीवर थांबायची, धाप टाकायची आणि वळून अक्काच्या तोंडाकडे बघायची. अक्काचे ओठ हलले नाहीत.